पावसाचा हिशेबनीस

पावसाळा सुरू झाला, की कोणत्या गावी किती पाऊस पडला याचे आकडे वर्तमानपत्रांत रोज प्रसिद्ध होतात. आपण ते सहज वाचतो व विसरून जातो. परंतु आकाशातून पडणाऱ्या पाण्याचे बिनचूक मोजमाप व्हावे म्हणून एका मनुष्याने आपले सारे आयुष्य वेचले होते. त्याचे नाव जॉर्ज जेम्स सायमन्स.

सायमन्सचा जन्म ६ ऑगस्ट १८३८ रोजी लंडन शहरात झाला. लहानपणापासूनच त्याला हवामानाचा विलक्षण नाद होता. स्वतःच्या हातांनी साधी उपकरणे तयार करावी आणि ऊन, वारा, पाऊस यांची टिपणे वहीत लिहून ठेवावी, यात त्याला मोठा आनंद वाटे. वयाच्या सतराव्या वर्षीच तो हवामानशास्त्राच्या अभ्यासकांच्या संस्थेचा सभासद झाला.

त्याच सुमारास, १८५४ ते १८५८ या वर्षांत, इंग्लंडात पाऊस फार कमी पडला. विहिरी आटल्या, नद्या रोडावल्या. शहरांना प्यायला आणि गिरण्यांना चालवायला पाणी कोठून आणावे, ही चिंता सर्वांना पडली. तलाव बांधावे तर ते किती मोठे बांधावे? त्यांत दर वर्षी किती पाणी येईल? या प्रश्नांची उत्तरे द्यायला पावसाच्या विश्वसनीय नोंदीच नव्हत्या. कोणी हौसेने पाऊस मोजत असे. पण एकाचे मापक घराच्या छपरावर, तर दुसऱ्याचे झाडाखाली. एकाच गावातील दोन आकडे एकमेकांशी जुळत नसत. ही उणीव आपण भरून काढावयाची, असा सायमन्सने निश्चय केला.

१८६० साली त्याला सरकारच्या हवामान खात्यात नोकरी मिळाली. दिवसा कचेरीचे काम करून उरलेल्या वेळात तो ठिकठिकाणच्या निरीक्षकांना पत्रे लिही आणि त्यांच्याकडून पावसाचे आकडे मिळवी. त्याने काढलेल्या पहिल्या वार्षिक पुस्तकात इंग्लंड व वेल्समधील १६८ ठिकाणांच्या नोंदी होत्या. परंतु त्याचे वरिष्ठ ॲडमिरल फिट्झरॉय यांचे लक्ष जहाजांना वादळांची पूर्वसूचना देण्याच्या कामात गुंतले होते. ते कामही मोलाचेच होते. पण सायमन्सचा पावसाचा उद्योग त्यांना पसंत पडला नाही. नोकरी राखावी की हाती घेतलेले काम चालवावे, असा पेच त्याच्यापुढे उभा राहिला. अखेर १८६३ साली, वयाच्या पंचविशीत, त्याने ती सरकारी नोकरी सोडली.

पावसाचे मापक दिसायला अगदी साधे असते. वर नरसाळे, त्याखाली पाणी साठवणारी बाटली आणि बाहेरून धातूचे नळकांडे. परंतु ते वर्षभर नीट राखणे सोपे नाही. वसंतात भोवतालचे गवत व झुडपे वाढून त्याला झाकू लागतात. शरदात गळणारी पाने नरसाळ्याचे तोंड बुजवितात. हिवाळ्यात साठलेले पाणी गोठून बाटली फुटते, आणि हिम पडले म्हणजे वारा ते मापकाबाहेर उडवून नेतो. एखादा धक्का लागून मापकाची कड वाकली किंवा सांध्याला बारीकशी चीर पडली, तरी आकडा चुकतो. एका एकरावर एक इंच पाऊस पडला, तर सुमारे १०० टन पाणी पडते. म्हणजे इंचाच्या शंभराव्या भागाची चूक झाली, तरी दर एकरामागे एक टन पाण्याचा हिशेब चुकतो!

म्हणून सायमन्सने आपल्या निरीक्षकांना स्पष्ट नियम घालून दिले. मापक मोकळ्या जागी, घरे व झाडे यांपासून दूर आणि सपाट बसवावे. त्याची कड जमिनीपासून एक फूट उंच असावी. कारण मापक जितके उंच ठेवावे, तितके वाऱ्यामुळे त्यात पाणी कमी पडते. रोज सकाळी नऊ वाजता पाणी मोजावे आणि तो आकडा आदल्या दिवसाच्या नावे लिहावा. हिम पडल्यास ते वितळवून त्याचे पाणी मोजावे. हे नियम त्याने नुसत्या तर्काने ठरविले नव्हते. लहानमोठ्या व्यासांची मापके निरनिराळ्या उंचीवर मांडून कित्येक वर्षे त्यांची तुलना करण्यात आली होती.

नियम सांगून तो स्वस्थ बसला नाही. गावोगाव हिंडून तो स्वतः मापके तपासू लागला. मापकाचा व्यास किती, कड सपाट आहे की नाही, जवळचे झाड वाढून आड तर येत नाही, हे तो बारकाईने पाही आणि दोष आढळल्यास तो दूर करावयास सांगे. त्याच्या निरीक्षकांत धर्मोपदेशक होते, डॉक्टर होते, जमीनदार होते, तसेच बागांची निगा राखणारे माळीही होते. त्यांना वेतन मिळत नसे. उलट या कामाच्या खर्चासाठी अनेक जण स्वतःच वर्गणी देत. थंडी असो वा सणाचा दिवस असो, नऊच्या ठोक्याला ते मापकापाशी जात. ज्या दिवशी पाऊस पडला नाही, त्या दिवसाचीही नोंद आवश्यक असे. कारण एक दिवस गाळला, तरी साखळीचा दुवा तुटतो. लंडनच्या कॅम्डेन टाउन भागात सायमन्सने स्वतःही १८५८ पासून चाळीस वर्षांहून अधिक काळ अशाच नोंदी ठेवल्या.

हळूहळू या कामाची थोरवी सर्वांना पटली. तलाव व नळ बांधणारे इंजिनियर त्याचा सल्ला घेऊ लागले. १८७८ साली रॉयल सोसायटीने त्याला आपला सभासद करून घेतले. त्याच्या हातून संपादन झालेल्या १८९८ सालच्या पुस्तकात ३४०० हून अधिक ठिकाणांच्या नोंदी होत्या. १० मार्च १९०० रोजी त्याचे निधन झाले. पण काम थांबले नाही. त्याच्या सहकाऱ्यांनी ते पुढे चालविले आणि १९१९ साली ते ब्रिटनच्या सरकारी हवामान खात्याने आपल्याकडे घेतले.

आपल्या देशाशीही सायमन्सचे नाते आहे. भारतात अनेक वर्षे पाऊस मोजण्यासाठी त्याच्या नावाचेच पर्जन्यमापक वापरले जात असे. त्याच्या तोंडाचा व्यास १२७ मिलिमीटर आणि जमिनीपासून उंची ३०५ मिलिमीटर असे. रोज सकाळी साडेआठ वाजता त्यातील पाणी मोजीत. पुढे नव्या साहित्याची मापके आली, आपोआप नोंद करणारी यंत्रेही आली. परंतु यंत्र कितीही नवे असले, तरी त्यात अडकलेले पान काढावयास आणि त्याची कड सपाट आहे की नाही हे पाहावयास माणसाचा हात व माणसाची दक्षता लागतेच. रोजचे लहान काम रोज चोख करण्यातच सायमन्सचे मोठेपण होते.