क्लोद बर्नार: शरीराचा आतला समतोल उलगडणारा शास्त्रज्ञ

मे महिन्यात पांढरकवड्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो. अशा उन्हात शेतात राबणाऱ्या निरोगी माणसाच्या शरीराचे तापमान मात्र ३७ अंशांच्या आसपास टिकून राहते. हे कसे घडते, हे समजून घेण्याचा पाया क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने घातला.

बर्नार यांचा जन्म १८१३ साली सें-ज्युलियाँ या खेड्यात, द्राक्षमळ्यात राबणाऱ्या घरात झाला. परिस्थिती बेताचीच. औषधांच्या दुकानात उमेदवारी करताना ते नाटके लिहीत. नाटककार व्हायला पॅरिसला गेले, तेव्हा एका समीक्षकाने पोटापाण्यासाठी वैद्यक शिकण्याचा सल्ला दिला. त्यांनी तो मानला.

गोड न खाल्लेल्या प्राण्याच्या रक्तातही साखर असते आणि ती यकृतातून येते, हे त्यांना प्रयोगांत दिसले. १८५७ मध्ये त्यांनी यकृतातील साखरेचा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, वेगळा काढला. रात्रभर उपाशी राहूनही मेंदूला साखर मिळते ती या साठ्यामुळे. मज्जातंतूंच्या हुकमाने रक्तवाहिन्या रुंद-अरुंद होतात, हेही त्यांनी दाखवले. उन्हात त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, घाम येतो आणि तो वाळताना अंग थंड होते.

यातून त्यांनी मोठा विचार मांडला. आपल्या पेशी बाहेरच्या हवेत नव्हे, तर रक्तात आणि भोवतालच्या द्रवात जगतात. तो द्रव स्थिर राहतो, म्हणूनच माणूस ऊन-थंडीत वावरू शकतो. पुढे अमेरिकेचे वॉल्टर कॅनन यांनी या समतोलाला होमिओस्टॅसिस हे नाव दिले.

या संशोधनाची किंमतही मोठी होती. जिवंत प्राण्यांवरील प्रयोग पत्नीला असह्य झाले आणि दोघे विभक्त झाले. १८७८ मध्ये बर्नार वारले. फ्रान्सने शासकीय इतमामात त्यांच्यावर अंत्यसंस्कार केले.

हा समतोल राखण्यालाही मर्यादा आहे. घामावाटे पाणी आणि मीठ फार गेले, की शरीराची ताकद संपते. वृद्ध, लहान मुले, मधुमेही आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणारे यांना धोका अधिक असतो. उन्हात अंग खूप तापले, बोलणे असंबद्ध झाले किंवा शुद्ध हरपू लागली, तर उष्माघात समजा. घाम येत असला तरी वाट पाहू नका. १०८ ला फोन करा, रुग्णाला सावलीत न्या, अंगावर पाणी टाकून वारा घाला. शुद्ध नसल्यास तोंडात पाणी घालू नका.