हाफकिन आणि मलकोवालची दातखीळ

वाल्डेमर हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसात झाला. ते प्राणिशास्त्राचे अभ्यासक; वैद्यकीची पदवी त्यांच्याकडे नव्हती. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८९२ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरल्यावर सरकारने त्यांना बोलावले. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्याशा जागेत त्यांनी प्लेगची लस बनवली. १० जानेवारी १८९७ रोजी तीही पहिल्यांदा त्यांनीच टोचून घेतली.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल येथे १०७ जणांना ही लस देण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतली लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले.

धनुर्वाताचे जंतू मातीत व शेणात असतात. जखमेत शिरल्यावर ते विष सोडतात. हे विष मज्जातंतूंमार्फत चढते आणि स्नायू सैल होऊ देत नाही. बहुधा प्रथम चावण्याचे स्नायू आवळतात व दातखीळ बसते. मग मान, पाठ, पोट ताठ होते. कानापुढच्या जबड्याच्या सांध्यातली चकती सरकली तरी तोंड नीट उघडत नाही. मात्र त्याआधी बहुतेकदा तोंड उघडताना ‘टक’ असा आवाज येतो, चावताना दुखते. मऊ आहार, शेक आणि जबड्याचे व्यायाम यांनी बहुतेकांना आराम पडतो. दातखिळीला मात्र तातडीने रुग्णालयच हवे.

मलकोवालचा ठपका हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला. ते निलंबित झाले. प्रत्यक्षात बाटली उघडताना गावातल्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी बाजू लावून धरल्यावर १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. भारतात परतले, पण मुंबईऐवजी कोलकात्याला. परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव १९२५ मध्ये मिळाले. १९३० मध्ये लोझान येथे त्यांचे निधन झाले.

आज धनुर्वात लसीने टळतो. बाळाच्या लसींनंतर १० व १६ व्या वर्षी, गरोदरपणी आणि पुढे दर १० वर्षांनी मात्रा घ्यावी. मुळशीच्या भातखाचरात पायाला खुरपे लागले, तर जखम साबण-पाण्याने स्वच्छ धुवावी आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. तोंड उघडेनासे होण्याची वाट पाहू नये.