बार्शीचे दीक्षित मास्तर

हॉस्टेलची लाईट गेली की आमची सगळी विंग टेरेसवर जमते. कार्तिकात अशीच एकदा लाईट गेली. दुसऱ्या दिवशी सबमिशन होतं, जर्नलं अर्धवट होती, त्यामुळे महावितरणवर सगळे मनापासून खूश होते. लातूरच्या रूममेटने आकाशात बोट दाखवून तो बारीक चांदण्यांचा झुबका कशाचा, असं विचारलं. मी म्हटलं, कृत्तिका. आणि पुढे जोडून दिलं की या झुबक्यावरून एका अख्ख्या ग्रंथाचा काळ काढणारा माणूस सात वर्षं आमच्या बार्शीत मास्तर होता. सगळे हसले. बार्शी म्हटलं की लोकांना भगवंताचं मंदिर आणि डाळीच्या मिल आठवतात, खगोलशास्त्र कुणाला आठवत नाही. मलाही बारावीत आमच्या फिजिक्सच्या सरांनी सांगितलं नसतं तर आठवलं नसतं.

त्या माणसाचं नाव शंकर बाळकृष्ण दीक्षित. जन्म जुलै १८५३, रत्नागिरी जिल्ह्यातलं दापोलीजवळचं मुरूड. हो, तेच मुरूड, महर्षी कर्व्यांचं. कर्वे दीक्षितांहून पाच वर्षांनी लहान. गावात शिकून दीक्षित पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात आले, तिथे १८७० ते १८७३ अशी तीन वर्षं काढली, शिकता शिकता इंग्रजीही उरकलं आणि १८७४ साली मॅट्रिक झाले. बस्स. यापुढे एकही परीक्षा नाही. बी.ए. नाही, एम.ए. नाही. त्यांच्या नावामागे पुढे जे काही लागलं ते सगळं मॅट्रिकच्या जोरावर. मग रेवदंडा, ठाणे अशा शाळांतून मास्तरकी करत १८८२ साली ते बार्शीच्या इंग्रजी शाळेत आले आणि १८८९ पर्यंत राहिले.

तेव्हाची बार्शी डोळ्यांसमोर आणून बघा. बार्शी लाईट रेल्वे सुरू झाली १८९७ ला, म्हणजे मास्तर गाव सोडून आठ वर्षं झाल्यावर. ना कॉलेज, ना वेधशाळा. दिवसभर शाळा, आणि राहिलेल्या वेळात गणित. साधन म्हणून केरो लक्ष्मण छत्र्यांचं १८६० सालचं ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हे पुस्तक आणि जुने सिद्धांतग्रंथ. लॉग टेबल हातात घेतलं तरी आमच्या कपाळावर आठ्या येतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

आता त्या गणिताची गोष्ट. मला दीक्षितांच्या आयुष्यात सगळ्यात जास्त आवडणारी हीच.

गुप्त राजांच्या शिलालेखांवर वर्षं लिहिलेली असतात, पण ती त्यांच्या स्वतःच्या संवतातली. त्या संवताचं पहिलं वर्ष इसवी सनाचं कितवं, यावर पंडितांची पन्नास वर्षं भांडणं चालली होती. कनिंगहॅमसारखा मोठा माणूस सन १६६ च्या आसपास म्हणत होता, कुणी १९०, कुणी ३१९. दीडशे वर्षांचा घोळ! समुद्रगुप्त, चंद्रगुप्त, स्कंदगुप्त, सगळे राजे त्या घोळात मागेपुढे हिंदकळत होते. अल्बेरूणीने लिहून ठेवलं होतं की गुप्त संवत शकानंतर २४१ वर्षांनी सुरू होतो, पण त्याचा अर्थ लावण्यावरही वाद.

जॉन फेथफुल फ्लीट नावाचे आय.सी.एस. अधिकारी तेव्हा गुप्तांचे शिलालेख गोळा करत होते. (हे पुढे आपल्या सोलापूरचे कलेक्टरही झाले.) मध्य प्रदेशातल्या एरणच्या खांबावरच्या बुधगुप्ताच्या लेखात एक फार मोलाची गोष्ट होती. वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी आणि वार गुरुवार. तिथी आणि वार दोन्ही दिलेले! वार हा सात दिवसांनी बिनचूक फिरत राहतो, तिथी चंद्राच्या चालीवर. दोन्ही एकाच दिवशी पडले पाहिजेत, म्हणजे संवताची सुरुवात तपासायला आपोआप एक कसोटी मिळाली. हा हिशेब फ्लीटसाहेबांना करून दिला दीक्षितांनी. १६५ मध्ये २४१ मिळवले की शके ४०६. त्यात ७८ मिळवले की इसवी सन ४८४. आणि त्या वर्षीची आषाढ शुद्ध द्वादशी आली २१ जून ४८४, गुरुवारी.

मी मेकॅनिकलचा असल्यामुळे कुणाचं सांगणं सहज मानत नाही (व्हायव्हात मात्र सगळं मानतो). म्हणून कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. सन १ च्या १ जानेवारीला, जुन्या ज्युलियन पद्धतीने, शनिवार. तिथून २१ जून ४८४ पर्यंत १,७६,५८७ दिवस. सातने भागले, बाकी ५. शनिवारनंतर पाचवा, गुरुवार. वाराचं काम पाच मिनिटांत झालं. तिथीचं काम मात्र रात्रभर पुरलं. चंद्र सूर्याच्या पुढे १२ अंश गेला की एक तिथी संपते, म्हणजे द्वादशी १३२ ते १४४ अंशांमध्ये. नुसत्या सरासरी गतीने काढलं तर त्या सकाळी उज्जैनच्या सूर्योदयाला अंतर येतं १३८, अगदी मधोमध. मी खूश. पण चंद्र सरासरी गतीने चालतच नाही! त्याच्या लंबवर्तुळाची आणि सूर्याची दुरुस्ती लावली की तेच अंतर घसरत घसरत १३२ च्या काठाशी येतं. द्वादशी नुकती लागलेली. एखादी दुरुस्ती अर्ध्या अंशाने चुकली असती तर सगळं एकादशीत गेलं असतं. हे लक्षात आलं तेव्हा बार्शीत दिव्याच्या उजेडात हाताने आकडे मांडणाऱ्या मास्तरांची मला पहिल्यांदा खरी जाणीव झाली.

आता तुमच्यातला कुणीतरी हुशार म्हणेल की वार जुळायची शक्यता सातात एक, योगायोगानेही जुळला असेल. बरोबर आहे, आणि ते दीक्षितांनाही दिसत होतं. म्हणून दुसरा पुरावा आला तो गुरू ग्रहाचा. परिव्राजक महाराजांच्या ताम्रपटांवर गुप्त वर्षाबरोबर महावैशाख, महाअश्वयुज, महाचैत्र अशी संवत्सरांची नावं आहेत. गुरूला राशिचक्राची फेरी पुरी करायला सुमारे बारा वर्षं लागतात. तो सूर्याजवळ गेला की दिसेनासा होतो आणि काही आठवड्यांनी पहाटे पुन्हा उगवतो. ज्या नक्षत्रात उगवला त्यावरून पुढच्या वर्षाचं नाव. ही जुनी पद्धत दीक्षितांनी ग्रंथांतून शोधून काढली, उलगडून दाखवली आणि ताम्रपटांना लावली. गुप्त वर्ष १५६, १६३, १९१, २०९, या सगळ्यांची नावं ३१९ च्या हिशेबात बसली. भांडण मिटलं. फ्लीट यांचा जाडजूड खंड १८८८ साली बाहेर आला, त्यात गुरूच्या बारा वर्षांच्या चक्रावरचं दीक्षितांचं परिशिष्ट त्यांच्याच नावाने आहे. साहेबाने नाव खाल्लं नाही, हे त्या काळाच्या मानाने सांगण्यासारखं. आजही इतिहासाच्या पुस्तकात गुप्त संवताची सुरुवात ३१९-३२० अशी छापतात, आणि स्पर्धा परीक्षावाले ती पाठ करतात. बार्शीचा संबंध कुठल्याही गाईडमध्ये नसतो!

तिथीवरून वार आणि इंग्रजी तारीख काढायची पद्धत त्यांनी १८८७ साली ‘इंडियन अँटिक्वरी’त इंग्रजीत छापली. पुढे रॉबर्ट स्यूएल यांच्याबरोबर ‘द इंडियन कॅलेंडर’ हे पुस्तक लंडनहून निघालं, १८९६ साली. सन ३०० ते १९०० पर्यंतच्या कुठल्याही भारतीय तारखेचा मेळ त्यातल्या कोष्टकांवरून घालता येतो. शिलालेख वाचणाऱ्यांनी ते पुढे कित्येक पिढ्या वापरलं.

मधल्या काळात विसाजी रघुनाथ लेले आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्या बाजूने ते सायन पंचांगाच्या वादात उतरले. संक्रांत आकाशात जेव्हा घडते तेव्हाच पंचांगात धरा, असं थोडक्यात त्यांचं म्हणणं. लोकांनी ऐकलं नाही. आपण अजूनही १४ जानेवारीलाच तिळगूळ खातो.

आणि कृत्तिका? शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत अशा अर्थाचा उल्लेख आहे. इतर लोक वाचून पुढे गेले, दीक्षित थांबले. तारा बरोबर पूर्वेला उगवायचा तर तो आकाशाच्या विषुववृत्तावर हवा. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डोलतो, एक फेरी सुमारे २६,००० वर्षांची, त्यामुळे तारे विषुववृत्तावरून सरकत जातात. आज सोलापुरातून बघाल तर कृत्तिका पूर्वेच्या उत्तरेला जवळजवळ २५ अंशांवर उगवतात. आमच्या टेरेसवरून मेसच्या टाकीच्या डावीकडे. त्या बरोबर पूर्वेला उगवत होत्या तो काळ इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षं, असं त्यांनी १८९५ साली मांडलं. लोकमान्यांचं ‘ओरायन’ १८९३ चं, म्हणजे हवाच तशी होती. इथे मात्र मला मास्तरांशी पूर्ण सहमत होता येत नाही. एरणच्या खांबावर वार होता, तिथी होती, वर्ष होतं. इथे एकच उल्लेख आहे, तो डोळ्यांनी बघून लिहिला की ऐकून, हे गणित सांगू शकत नाही. अनेक अभ्यासक हा काळ मान्य करत नाहीत. पण ते वाक्य तपासण्याजोगं आहे, हे ओळखणारी नजर त्यांची.

१८८९ ला ते धुळ्याच्या ट्रेनिंग स्कूलवर गेले आणि १८९४ ला पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजवर. म्हणजे जिथे विद्यार्थी होते तिथेच शिक्षक. शिकवणं त्यांनी कधी सोडलं नाही. मुलांसाठी ‘विद्यार्थिबुद्धिवर्धिनी’, ‘सृष्टचमत्कार’, ‘सोपपत्तिक अंकगणित’ अशी पुस्तकं लिहिली. ‘ज्योतिर्विलास’ हे तर रात्री अंगणात बसून वाचावं असं आकाशाचं पुस्तक.

सगळ्यात मोठं काम १८९६ चं, ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास’. पाचशेहून जास्त पानं. वेदांपासून त्यांच्या स्वतःच्या दिवसांपर्यंतचे ज्योतिषी, त्यांचे ग्रंथ, त्यांचा काळ, त्यांचे आकडे, सगळं तपासून. आणि हे सगळं मराठीत.

इथे मी जरा अडखळतो. फर्स्ट इयरला माझ्या पहिल्या सेमिनारला मी इंग्रजीत अडकलो आणि मागच्या बाकावरून हसणं ऐकू आलं. मराठी मीडियमचे जे आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. दीक्षितांना इंग्रजी येत होतं, लंडनचा प्रकाशक त्यांच्या ओळखीचा झाला होता. तरी मोठा ग्रंथ त्यांनी मराठीत लिहिला, आणि त्याची किंमतही मोजली गेली. ज्यांना मराठी येत नव्हती त्यांच्यापर्यंत तो नीट पोहोचलाच नाही. हिंदी भाषांतर १९५७ ला आलं. सरकारने इंग्रजी भाषांतर काढलं त्याचा पहिला भाग १९६९ चा, दुसरा १९८१ चा. पंचाऐंशी वर्षं! त्या काळात किती जणांनी तीच गणितं पुन्हा केली असतील. इंग्रजीत लिहायला हवं होतं, असं मला एकदा वाटतं. मग वाटतं की ट्रेनिंग कॉलेजातल्या खेड्यापाड्यांतून आलेल्या भावी मास्तरांना तो ग्रंथ वाचता आला असता तो मराठीत होता म्हणूनच. यावर रूममेटशी माझा दोन दिवस वाद झाला. तो इंग्रजीच्या बाजूने होता, आणि वाद मराठीत घालत होता.

ग्रंथ निघाल्यावर मास्तरांना जेमतेम दोन वर्षं मिळाली. २७ एप्रिल १८९८ रोजी पुण्यात ते वारले. वय ४४. पुढच्या कामासाठी जमवलेले कागद कितीतरी असणार.

त्या रात्री लाईट साडेअकराला आली. सगळे खाली पळाले, मी आणि लातूरवाला राहिलो. कृत्तिका तोवर डोक्यावर आल्या होत्या. त्याने मोजून बघितल्या, त्याला सहा दिसल्या. मला चष्म्याने पाचच.