एका देहात अनेक बोली : पु. ल. देशपांडे

वार्षिकांकासाठी चरित्रलेख लिहायचा म्हटले की आमच्या भागातल्या विद्यार्थ्यांपुढे दोन-तीन नावे आपोआप उभी राहतात. गाडगे महाराज, तुकडोजी महाराज, डॉ. पंजाबराव देशमुख. ती थोर माणसे आहेत आणि त्यांच्यावर दरवर्षी कोणी ना कोणी लिहितेच. मी मात्र मुंबईत जन्मलेल्या आणि पुण्यात देह ठेवलेल्या एका बोलक्या माणसाविषयी लिहिणार आहे. कारण एक प्रश्न मला बरेच दिवस छळतो आहे. दुसऱ्याच्या बोलीला हसावे काय? आणि हसायचेच झाले तर कसे? या प्रश्नाशी ज्याचा सारा जन्म बांधलेला होता असा मराठी माणूस पु. ल. देशपांडे यांच्याखेरीज मला दुसरा दिसत नाही.

माझे गाव सेमाडोह. मेळघाटातले, सिपना नदीच्या काठचे. घरी आम्ही कोरकू बोलतो. ही मराठीची बोली नव्हे आणि हिंदीचीही नव्हे. ती मुंडा कुळातली भाषा, संथाळी-मुंडारीच्या नात्यातली. पाण्याला आम्ही ‘डा’ म्हणतो. धारणीच्या बाजारात गेलो की हिंदी, परतवाड्याला एस.टी.तून उतरलो की वऱ्हाडी आणि वर्गात पुस्तकातली मराठी. माझे बाबा जंगलकामावर मजुरी करतात. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. शाळेत मी उत्तर द्यायला उभी राहिले की मागच्या बाकांवर हशा पिकायचा, उत्तर बरोबर असले तरी! तेव्हापासून कुठेही हशा ऐकला की तो कोणावर आहे, हे मी आधी पाहते.

पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१९ रोजी मुंबईला झाला. आईचे माहेर दुभाष्यांचे. आजोबा वामन मंगेश दुभाषी हे ‘ऋग्वेदी’ या नावाने लिहीत आणि त्यांनी रवींद्रनाथांची ‘गीतांजली’ अभंगरूपाने मराठीत आणली होती. म्हणजे परक्या भाषेला घरात पाट मांडून बसवण्याची रीत त्या घरी आधीपासूनच होती. बालपण जोगेश्वरीला आणि मग पार्ल्याला गेले. शिक्षण पार्ले टिळक विद्यालयात. हाताला पेटीचा नाद लहानपणीच लागला. पुढे वकिलीची परीक्षा दिली, पण वकिली काही केली नाही. मुंबईत शाळामास्तरकी केली. त्याच शाळेत सुनीता ठाकूर या शिक्षिकेची ओळख झाली आणि १२ जून १९४६ रोजी दोघांचे लग्न झाले.

पुढली आठ-दहा वर्षे त्यांनी काय केले नाही ते विचारावे! नाटकात काम, चित्रपटात काम, संगीत, कथा, संवाद. पुण्याच्या फर्ग्युसनमधून बी.ए., सांगलीच्या विलिंग्डनमधून एम.ए., बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात प्राध्यापकी. रशियन लेखक गोगोल याच्या नाटकावरून केलेला ‘अंमलदार’ याच काळातला. १९५३ साली आलेल्या ‘गुळाचा गणपती’ या चित्रपटात कथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि नायकाची भूमिका अशी पाचही कामे त्यांचीच. १९५५ मध्ये ते आकाशवाणीत गेले. तिथून दूरदर्शनच्या शिक्षणासाठी लंडनला बी.बी.सी.त गेले आणि परतल्यावर दिल्लीत दूरदर्शनच्या अगदी पहिल्या दिवसांत काम केले. लंडनच्या त्या मुक्कामातून ‘अपूर्वाई’ हे प्रवासवर्णन आले.

पण माझ्या प्रश्नाचा संबंध येतो तो बेळगावपासून. बेळगावात कानडी आणि मराठी एकाच घरात नांदतात. तिथल्या मराठीला कानडीचा हेल आहे, आणि लिंगाचा घोळ तर नित्याचाच. आम्हा कोरकूंचेही मराठीत नेमके हेच होते! कारण आमच्या भाषेत मराठीसारखे पुल्लिंग-स्त्रीलिंग-नपुंसकलिंग नाही. पु. ल. यांनी पुढे ‘रावसाहेब’ म्हणून जे व्यक्तिचित्र लिहिले ते या बेळगावातल्या एका दिलदार माणसाचे. रावसाहेबांची भाषा व्याकरणाच्या मास्तराने ऐकली तर लाल शाई संपावी अशी. वाचताना आपण हसतो, पोट धरून हसतो. पण लेख संपतो तेव्हा या माणसाच्या पंगतीला बसावे, असे वाटू लागते. मागच्या बाकावरच्या हशाने असे कधीच वाटले नव्हते.

‘बटाट्याची चाळ’ हे पुस्तक १९५८ साली निघाले आणि १९६१ पासून पु. ल. ते रंगभूमीवर एकट्याने सादर करू लागले. आजकाल मोबाईलवर एकटा माणूस माईक घेऊन लोकांना हसवतो, त्याला इंग्रजी नाव आहे आणि तो प्रकार नवा समजला जातो. एकट्याने उभे राहून हजारोंना हसवायचे आणि हसवता हसवता जाब विचारायचा, हे आमच्या वऱ्हाडात गाडगे महाराजांनी कीर्तनात आयुष्यभर केले. पु. लं.नी तेच तिकीट लावलेल्या नाट्यगृहात केले, एवढेच म्हणते. दोघांची बरोबरी लावण्याचा माझा हेतू नाही.

त्या चाळीत सोकाजी त्रिलोकेकर आहेत, जनोबा रेगे आहेत, अण्णा पावशे, द्वारकानाथ गुप्ते, आचार्य बर्वे आहेत. सगळे मराठीच, पण नुसत्या आडनावांवरून जाणकाराला कळते की पाठारे प्रभू, सारस्वत, कायस्थ, ब्राह्मण असे वेगवेगळ्या घरांतले लोक एका जिन्याने चढतात-उतरतात. प्रत्येकाची मराठी वेगळी, खाणे वेगळे, फुशारकी वेगळी. हे सारे एका माणसाच्या गळ्यातून, खांद्याच्या हालचालीतून यायचे. नेपथ्य नाही, वेशभूषा नाही. शेवटी हसवणे बाजूला ठेवून ते चाळीविषयीच चिंतन करीत. तेही मी ध्वनिफितीवर ऐकले, आणि माझ्या मते सगळ्या प्रयोगाचा जीव तिथे आहे. पुढे ‘वाऱ्यावरची वरात’ आणि ‘असा मी असामी’ आले. ‘व्यक्ती आणि वल्ली’ या पुस्तकाला १९६५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, १९६६ मध्ये पद्मश्री.

आमच्या वसतिगृहात मुली रात्री मोबाईलवर ‘म्हैस’ लावतात. रत्नागिरीहून मुंबईला जाणाऱ्या एस.टी.समोर म्हैस येते आणि गाडी थांबते, एवढाच विषय. गाडीत उस्मानशेठ आहेत, मास्तर आहेत, ड्रायव्हर-कंडक्टर आहेत, नंतर पुढारीही येतो. प्रत्येक जण आपापल्या भाषेत त्या म्हशीवर मत देतो, आणि म्हशीचा गरीब मालक धर्मा मांडवकर बाजूला उभा. मैत्रिणी हसत होत्या. मी ऐकत होते ते पंचनाम्याकडे कान लावून. आमच्याकडे गवळ्याची म्हैस वाघाने मारली की असाच पंचनामा होतो. साक्षीदार, सही, अंगठा, नुकसानभरपाईचा कागद. आणि तेव्हाही बोलतात सगळे, गप्प असतो तो मालकच. पु. लं.नी हे नेमके टिपले आहे. हशा सगळा बोलणाऱ्यांवर आहे, ज्याची म्हैस आहे त्याच्यावर नाही. कोणाला हसायचे आणि कोणाला वगळायचे, हे त्यांना ठाऊक होते.

आता आपल्या विदर्भाचे. मुंबईकर, पुणेकर आणि नागपूरकर व्हायचे असेल तर काय करावे, यावर त्यांचा कार्यक्रम प्रसिद्ध आहे, आणि ‘व्यक्ती आणि वल्ली’मध्ये एक भय्या नागपूरकरही आहे. आमचे काही प्राध्यापक म्हणतात, त्यात आपली थट्टा आहे. काही म्हणतात, आपल्याला निदान तिसरी जागा तरी मिळाली! मला विचाराल तर नागपूरकर म्हणजे अख्खा विदर्भ नव्हे. त्यात अकोल्याचा कपाशीवाला नाही, अमरावतीचा संत्रेवाला नाही, आणि कोरकू तर नाहीच नाही. पु. लं.च्या दालनात नामू परीट आहे हे खरे, बेळगावकर आहे, पारशी पेस्तनकाका आहेत. पण बहुतेक गर्दी पांढरपेशांची आहे. जे त्यांनी पाहिले, ऐकले, ज्यांच्या घरी जेवले, त्यांचेच आवाज त्यांनी काढले. मेळघाटात ते राहिले नव्हते. न ऐकलेल्या माणसाची नक्कल करून टाळ्या घेतल्या नाहीत, हे मला उलट बरे वाटते. आमचा आवाज आमच्यातल्या कोणीतरी काढावा. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले तेव्हा पु. लं.नी त्याचे मनापासून स्वागत केले होते, ते मला याच कारणासाठी महत्त्वाचे वाटते. वऱ्हाडशी त्यांचा खरा धागा मैत्रीचा होता. मूर्तिजापूरला जन्मलेले गायक डॉ. वसंतराव देशपांडे त्यांचे जिवलग मित्र. वरोड्याच्या आनंदवनातही ते आणि सुनीताबाई वर्षानुवर्षे जात.

बोलीचा प्रश्न त्यांनी एकदा सरळच रंगभूमीवर मांडला, तो १९७५ साली ‘ती फुलराणी’मध्ये. मूळ नाटक बर्नार्ड शॉचे ‘पिग्मॅलियन’. फुले विकणारी मंजुळा, आणि तिची भाषा धुऊनपुसून तिला मोठ्या घरची करून दाखवण्याची पैज मारणारा प्राध्यापक अशोक जहागीरदार. भक्ती बर्वे यांनी मंजुळा केली आणि ती भूमिका गाजली. हे नाटक वाचून मी दोन रात्री अस्वस्थ होते. लोक मंजुळेच्या उच्चारांवर हसतात, मग ती शुद्ध बोलू लागते तेव्हा टाळ्या देतात. पण शुद्ध बोलायला शिकल्यावर तिने जायचे कुठे? फुलांच्या टोपलीकडे परत जाता येत नाही आणि बंगल्यात ती कोणाची नाही. मी सुटीत घरी गेले की शेजारच्या बाया मला म्हणतात, आता तू मराठीत खोकतेस! हे त्या हसून म्हणतात, मीही हसते. मंजुळेला शिकवणारा तिच्याकडून काहीच शिकत नाही, हा त्याचा दोष नाटकात स्पष्ट दिसतो.

पु. ल. स्वतः मात्र तसे प्राध्यापक नव्हते. वयाच्या पन्नाशीत, नाव आणि पैसा भरपूर मिळाल्यावर, हा माणूस १९७० साली शांतिनिकेतनात बंगाली शिकायला जाऊन राहिला. ज्याच्या एका वाक्यासाठी नाट्यगृह थांबायचे त्याने परक्या भाषेत चुकत-माकत बोलायचे, स्वतःच्या उच्चारांवर इतरांना हसू द्यायचे! त्या मुक्कामावर ‘वंगचित्रे’ हे पुस्तक आहे. मोठेपणाचे बाकीचे पुरावे, म्हणजे १९७४ चे इचलकरंजीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद, १९९० चे पद्मभूषण, १९९६ चा पहिला ‘महाराष्ट्र भूषण’, हे सगळे या एका गोष्टीपुढे मला लहान वाटतात.

आणीबाणीत ते गप्प बसले नाहीत. १९७७ च्या निवडणुकीत जाहीर सभांतून बोलले. ती सभांतली भाषणे म्हणजे पुन्हा तोच एकट्याचा प्रयोग, फक्त तिकीट नव्हते. प्रयोगांतून आणि पुस्तकांतून आलेला पैसा पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानमार्फत समाजकार्याला दिला. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राला त्यांचा मोठा हातभार लागला. हिशेब, पत्रव्यवहार, परवानग्या यांचा भार सुनीताबाईंनी वाहिला. त्यांचे ‘आहे मनोहर तरी’ (१९९०) वाचल्याशिवाय पु. लं.वर कोणी लिहू नये असे मला वाटते, कारण हसवणाऱ्याच्या घरात रोज काय चालते ते तिथेच कळते.

शेवटची वर्षे आजारपणात गेली. १२ जून २००० रोजी, लग्नाला चोपन्न वर्षे झाली त्याच दिवशी, पुण्यात त्यांचे निधन झाले.

आपल्या ग्रंथालयात ‘व्यक्ती आणि वल्ली’ची जी प्रत आहे तिची शिवण सुटली आहे आणि ‘भय्या नागपूरकर’मधली दोन पाने हातात येतात. नेणाऱ्याने जपून न्यावी; माझे वाचून झाले आहे.