मेंडेलीव्हचा तक्ता आणि खारपाणपट्टा

अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरला आहे. तिथे भूजल खारट आणि काळी जमीन चोपण होण्यामागे सोडियमच्या आयनांचा मोठा वाटा आहे. सोडियम असे का वागते, याचे उत्तर आवर्तसारणीतल्या त्याच्या जागेत सापडते.

ही सारणी मांडणारे दिमित्री मेंडेलीव्ह यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८३४ रोजी सायबेरियातील तोबोल्स्क येथे झाला. वडिलांची दृष्टी गेल्यावर आईने काचेचा कारखाना चालवून संसार सांभाळला. १८४८ मध्ये तो कारखानाही जळाला. धाकट्या मुलाचे शिक्षण थांबू नये म्हणून आईने त्याला घेऊन दूरचा प्रवास केला. १८५० मध्ये सेंट पीटर्सबर्गला त्याला प्रवेश मिळाला आणि त्याच वर्षी ती वारली.

पुढे तिथेच प्राध्यापक झालेल्या मेंडेलीव्ह यांनी १८६९ मध्ये, पाठ्यपुस्तक लिहिताना, तेव्हा माहीत असलेली मूलद्रव्ये अणुभार आणि संयुजा पाहून तक्त्यात बसवली. काही जागा त्यांनी मुद्दाम रिकाम्या ठेवल्या. गॅलियम (१८७५), स्कँडियम (१८७९) आणि जर्मेनियम (१८८६) यांनी त्या भरल्या.

मीठ पाण्यात विरघळले की त्याचे विद्युतभारित आयन सुटे होतात, हा स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस यांचा सिद्धांत मात्र मेंडेलीव्ह यांना पटला नाही. २ फेब्रुवारी १९०७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर अणूची रचना उलगडली आणि त्यांच्याच तक्त्यातून आयनांचा हिशेब लागला. पहिल्या गणातल्या सोडियमच्या बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन असतो. तो दिला की एक धनभार येतो. दुसऱ्या गणातले कॅल्शियम दोन इलेक्ट्रॉन देते. सतराव्या गणातल्या क्लोरीनला एक कमी पडतो, म्हणून ते एक घेऊन ऋणभारित होते.

चिकणमातीच्या कणांवर ऋणभार असतो. दोन धनभारांचे कॅल्शियम हे कण एकत्र धरते आणि माती भुसभुशीत राहते. एकाच भाराचे सोडियम साठले, की कण सुटे होतात आणि पाणी मुरत नाही. म्हणूनच चोपण जमिनीत जिप्सम घालतात. त्यातले कॅल्शियम सोडियमला कणांवरून हटवते. सुटलेले सोडियम पाण्याबरोबर वाहून जायला मात्र शेतात चांगला निचरा लागतो. तो नसेल, तर जिप्समचा खर्च वाया जातो.