खोडाच्या सालीवरील अक्षरे : मिनाकाता कुमागुसु

जपानमधील वाकायामा या गावी १८६७ साली एका लोखंडी सामानाच्या व्यापाऱ्याच्या घरी मिनाकाता कुमागुसु यांचा जन्म झाला. लहानपणीच त्यांना ग्रंथांचे वेड लागले. एकशेपाच खंडांचा एक जुना सचित्र ज्ञानकोश परिचितांच्या घरी होता. तो विकत घेणे शक्य नव्हते, म्हणून या मुलाने तेथे बसून वाचावे आणि घरी येऊन चित्रांसह उतरवून काढावे, असा क्रम कित्येक वर्षे चालविला.

१८८६ साली ते अमेरिकेस गेले आणि १८९२ मध्ये लंडनला पोहोचले. ब्रिटिश म्युझियमच्या वाचनकक्षात बसून नाना भाषांतील ग्रंथांतून त्यांनी बावन्न जाड वह्या भरल्या. १८९३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांचा अतिपूर्वेकडील नक्षत्रांवरील लेख प्रसिद्ध झाला. स्वभाव मात्र तापट. १८९७ मध्ये त्यांनी वाचनकक्षात एका वाचकावर हात टाकला. पुढल्या वर्षी पुन्हा खटका उडाला आणि ते दार त्यांना कायमचे बंद झाले. १९०० साली ते पदवीविना, रिक्त हस्ते मायदेशी परतले.

ग्रंथालय सुटले, तेव्हा त्यांनी अरण्य वाचावयास घेतले. नाचीच्या रानात आणि १९०४ पासून तानाबे येथे राहून त्यांनी श्लेष्मकवकांचा ध्यास घेतला. हा जीव बुरशीसारखा दिसतो, पण बुरशी नव्हे. कुजक्या लाकडावर तो चिकट लोळ्यासारखा सरपटत जीवाणू गिळतो. या अवस्थेत अनेक जाती एकसारख्याच दिसतात. ओळख पटते ती फळधारणा झाल्यावर. बीजुककोशाला देठ आहे की नाही, त्यावर चुन्याचे कण आहेत काय, आतील तंतू साधे की जाळीदार, बीजुकांचा रंग कोणता, त्यांच्या पृष्ठावर काटे आहेत की नक्षी, हे सारे भिंगाखाली व सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागते. मिनाकाता आपले नमुने इंग्लंडमध्ये या विषयाचे अधिकारी आर्थर लिस्टर यांच्याकडे आणि १९०८ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांच्या कन्या गुलिएल्मा यांच्याकडे पाठवीत. १९१७ साली स्वतःच्या अंगणातील तेंदूवर्गीय फळझाडाच्या सालीवर त्यांना एक नमुना आढळला. त्याचे तंतू विलक्षण लांब होते. १९२१ मध्ये गुलिएल्माबाईंनी त्यासाठी स्वतंत्र प्रजाती मानली आणि तिला ‘मिनाकाटेला’ हे नाव दिले. जातिनामात लांब तंतूचाच निर्देश आहे.

परंतु हे जीव जेथे वाढत, त्या राया तुटू लागल्या होत्या. १९०६ च्या सरकारी आदेशानुसार गावोगावची लहान देवळे मोठ्या देवळांत विलीन होत होती आणि आपल्याकडील देवरायांसारखी त्यांच्याभोवतीची जुनी वृक्षराजी विकली जात होती. देऊळ गेले की राई जाते, राई गेली की सावली व ओल जाते आणि त्यांबरोबर असंख्य नाव न मिळालेले जीवही जातात, हे मिनाकातांनी ओळखले. त्यांनी लेख लिहिले, विद्वानांना लांबलचक पत्रे पाठविली. १९१० साली एका सभेत ते घुसले आणि अठरा दिवस कोठडीत राहिले. अखेर १९२० मध्ये जपानच्या वरिष्ठ सभागृहाने या विलीनीकरणाविरुद्ध ठराव केला. तोवर कित्येक राया नष्ट झाल्या होत्या.

१ जून १९२९ रोजी सम्राट हिरोहितो तानाबेच्या उपसागरातील काशिमा बेटावर आले. त्या बेटावरील राई जतन व्हावी यासाठी मिनाकाता झटले होते. सम्राट स्वतः श्लेष्मकवकांचे अभ्यासक होते. मिनाकातांनी त्यांना या विषयावर व्याख्यान दिले आणि एकशेदहा नमुने अर्पण केले, तेही गोळ्यांच्या रिकाम्या खोक्यांतून!

२९ डिसेंबर १९४१ रोजी मिनाकाता निवर्तले. १९६२ साली त्या किनाऱ्यावर पुन्हा आलेल्या सम्राटांना समोर काशिमा दिसले. त्या वेळी त्यांनी रचलेल्या कवितेत या अभ्यासकाचे स्मरण आहे.