रोझ बेर्तां

रोझ बेर्तां (मूळ नाव मारी-जान बेर्तां, २ जुलै १७४७ – २२ सप्टेंबर १८१३) या अठराव्या शतकातील फ्रेंच वेशभूषाकार व व्यापारी होत्या. फ्रान्सची राणी मरी आंत्वानेत हिच्या पोशाखांची सजावट त्या करीत. पॅरिसमधील नवी वेशभूषा ल्यालेल्या बाहुल्या त्यांच्या दुकानातून युरोपातील राजदरबारांत जात असत. फॅशन बाहुलीच्या इतिहासात त्यांचे नाव येते ते त्यामुळे.

प्रारंभिक जीवन

बेर्तां यांचा जन्म उत्तर फ्रान्समधील अबव्हिल येथे सामान्य कुटुंबात झाला. तरुण वयात पॅरिसला येऊन त्यांनी शिरोभूषणे व साजसामान विकणाऱ्या दुकानात उमेदवारी केली. १७७० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी रु सेंतोनोरे या रस्त्यावर स्वतःचे दुकान थाटले. त्याचे नाव ल ग्रां मोगोल, म्हणजे महान मुघल, असे होते. दिल्लीची बादशाही तेव्हा खिळखिळी झाली असली तरी तिच्या वैभवाची मोहिनी पॅरिसमध्ये ओसरली नव्हती.

त्या काळी फ्रान्समध्ये वस्त्रे बेतून शिवण्याचा अधिकार शिंप्यांच्या व शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांच्या संघांकडे होता. बेर्तां यांच्यासारख्या दुकानदारांनी तयार पोशाखावर फिती, जाळीदार लेस, पिसे व कृत्रिम फुले चढवावीत एवढीच मुभा होती. तथापि पोशाखाचे मोल त्या सजावटीवरच ठरू लागले. १७७६ मध्ये या व्यवसायाचा स्वतंत्र संघ स्थापन झाला, तेव्हा त्याचे पहिले प्रमुखपद बेर्तां यांना मिळाले.

फॅशन बाहुल्या

नव्या वेशभूषेचा नमुना म्हणून बाहुली पाठवण्याची प्रथा बेर्तां यांच्याही आधीची आहे. पांडोरा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या बाहुल्यांचे दोन प्रकार असत: थोरलीला दरबारी पोशाख, तर धाकटीला घरगुती. त्या मुलींच्या खेळण्यासाठी नव्हत्या. चित्रात वस्त्राचा रंग दिसतो, परंतु मागची बाजू, निऱ्यांची घडण व कापडाचा पोत कळत नाही. बाहुलीवरून दूर देशीचा शिंपी पोशाखाची हुबेहूब नक्कल करू शके. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या युद्धात फ्रान्स व इंग्लंड परस्परांचे शत्रू असतानाही अशा बाहुल्यांना वाट दिली जात असल्याचे सांगितले जाते.

१७७४ मध्ये मरी आंत्वानेत राणी झाली. त्याच वर्षी बेर्तां यांचा तिच्याशी परिचय झाला आणि त्या नियमितपणे व्हर्साय येथे जाऊ लागल्या. राणीने वापरलेला साज आपल्यालाही हवा, अशी मागणी इतर देशांतील सरदार स्त्रियांकडून येऊ लागली, व बाहुल्यांची वर्दळ वाढली. टीकाकारांनी बेर्तां यांना उपहासाने फॅशनमंत्री म्हटले. (हा काळ पेशवाईत नाना फडणविसांचा, सोळाव्या लुईचा दूत म्हणवणारा सेंट लुबिन १७७७ मध्ये आजच्या रायगड जिल्ह्यातील चौल बंदरात उतरून पुण्यास गेला होता.)

१७८३ मध्ये चित्रकर्त्री एलिझाबेथ व्हिजे ल ब्रं हिने राणीचे साध्या पांढऱ्या मलमलीच्या झग्यातील चित्र प्रदर्शनात मांडले. राणीला ते अशोभनीय ठरवून इतका गदारोळ झाला की ते काढून घ्यावे लागले. मलमल भारतातून येई, त्यामुळे फ्रेंच रेशीम विणकरांच्या पोटावर पाय येतो, हीही तक्रार होती. राणीच्या उधळपट्टीचा दोष लोकांनी बेर्तां यांच्या माथी मारला. तो अंशतः रास्त होता, कारण त्यांचे दर अवाच्या सवा असत. १७८५ च्या सुमारास रंगीत चित्रांची फॅशन नियतकालिके स्थिरावली. टपालाने जाणारा कागद स्वस्त पडत असल्याने बाहुल्यांचे महत्त्व ओसरू लागले.

क्रांती व उत्तरायुष्य

फ्रेंच राज्यक्रांतीनंतरही बेर्तां यांनी राणीचे काम सोडले नाही. ग्राहक परागंदा झाले तेव्हा त्या लंडनला गेल्या व तेथील निर्वासित सरदारवर्गासाठी काम करू लागल्या. १७९३ मध्ये राणीचा शिरच्छेद झाला. १७९५ मध्ये बेर्तां फ्रान्सला परतल्या, परंतु अभिरुची पालटली होती. कालांतराने व्यवसाय भाच्यांकडे सोपवून त्या पॅरिसजवळील एपिने-स्यूर-सेन येथे राहिल्या व तेथेच निवर्तल्या.

१८२४ मध्ये त्यांच्या नावे प्रसिद्ध झालेल्या आठवणी बनावट आहेत. अस्सल साधन म्हणजे त्यांच्या हिशेबाची कागदपत्रे. उमरावांकडे कपडे उधारीवर जात, आणि त्यांपैकी अनेकांची बाकी कधीच वसूल झाली नाही. बेर्तां यांच्या मृत्यूनंतरही त्यांचे वारस या येण्यासाठी दावे लावीत राहिले.